नकाशावर नसलेला रामपाडा

ती दुपार अजून डोळ्यांपुढून हलत नाही. कल्याणच्या एका पोलीस ठाण्यात मी हवालदार होतो आणि त्या दिवशी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर माझी ड्यूटी होती. एका बाईंचं आधार कार्ड हरवलं होतं, त्याची नोंद लिहीत होतो. अचानक खिडकीची तावदानं थरथरली. बाई म्हणाल्या, "कुठेतरी सिलेंडर फुटला वाटतं." मीही तसंच म्हणालो. दोन मिनिटांत टेबलावरचा फोन वाजला, आणि मग संध्याकाळपर्यंत तो थांबलाच नाही.

बाजारात भाजी आणि मासळीच्या ओट्यांच्या मधे कुणीतरी पिशवी ठेवून गेलं होतं. तिघं जागीच गेले. त्यात एक कोळीण होती. सगळा बाजार तिला मौशी म्हणायचा. जखमी झालेल्यांपैकी काही जण अजून आमच्या भागात काठी टेकत चालताना दिसतात, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही. पंचनाम्याला मला पाठवलं होतं. पंच म्हणून बोलावलेला कांदेवाला सही कुठे करायची तेच विसरला. मी बोटाने जागा दाखवली, आणि खाली तारीख घालताना मीच कालची घातली.

माझ्याविषयी थोडं सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे. मी परभणीकडचा. आठवीनंतर शाळा सुटली. आमच्या वेळी अंगाने धड आणि पळायला चपळ असलेल्या पोराला कमी शिक्षणावरही भरतीत घेत, म्हणून मी पोलीस झालो. या खात्याने मला घातलेलं अन्न मी विसरलेलो नाही. पण शिकलेल्या माणसांपुढे तोंड उघडायची भीती गेली नाही ती नाहीच. स्टेशन डायरीत शुद्धलेखन चुकेल म्हणून मी प्रत्येक नोंद आधी रद्दी कागदावर लिहून बघायचो. ठाण्यात मला नावाने कुणी हाक मारत नसे. "ए मराठवाडा, जेवलास का रे?" असं चालायचं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. घरापासून इतक्या लांब कुणीतरी गावाच्या नावाने हाक मारतंय, एवढंही पुरत होतं.

स्फोटाचा तपास विशेष पथकाकडे गेला. आमच्याकडे आलं ते संशयितांच्या याद्यांचं काम. यादीतल्या पोरांना आणायचं, बसवायचं, विचारपूस करायची, सोडायचं. मीही आणली. "साहेब, मीच का?" असं कुणी विचारलं की मी रजिस्टरमधे बघत राहायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी चाचा आले. हे वजनकाटे दुरुस्त करणारे. बाजारातला प्रत्येक काटा कधी ना कधी त्यांच्या हातून गेलेला. खाडीकाठच्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले, मराठी माझ्यापेक्षा कितीतरी गोड. शांतता समितीच्या बैठकीला यायचे आणि मागच्या खुर्चीवर बसून कुणी काही बोलायच्या आत मान हलवायचे. इतक्या वर्षांत मी एक गोष्ट शिकलो होतो. खोटं सांगायला आलेला माणूस आधी बसायला जागा बघतो, आणि खरं सांगायला आलेला पाणी मागतो. चाचांनी पाणी मागितलं.

"बसा ना चाचा."

"नको. बसलो तर उठायचा नाही मी."

मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. ते उभ्यानेच बोलले.

"मौशीचा काटा माझ्याकडे दुरुस्तीला होता. त्या दिवशी सकाळी मी पोराला म्हटलं, जा, देऊन ये. तर म्हणाला, 'अब्बा, आज बाजारात नको. तुम्ही पण नका जाऊ.' मला वाटलं, अंग चोरतोय. मी शिवी दिली त्याला, हवालदारसाहेब. म्हटलं, हरामखोर, बापाचं एक काम होत नाही तुझ्याच्याने." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "दुपारी घरी आला. दोनदा आंघोळ केली."

मी दार लोटून घेतलं. अशा वेळी प्रश्न विचारू नये, बोलू द्यावं.

"वर्ष झालं बघा. आईला म्हणतो, दर्ग्यावर दिवा लावू नको, गुनाह आहे. उरुसाचा मलिदा घरी आला तर ताट सरकवतो. मला म्हणतो, अब्बा, तुम्ही बोलता ती मुसलमानाची भाषाच नाही. अरे, माझ्या आज्जीने याच भाषेत दुवा मागितली, याच भाषेत ती मेली! माझं चुकलं. मला वाटलं, वय आहे, उतरेल. नमाज पढतोय, दारू पीत नाही, म्हणून वर खूश होतो मी."

"आत्ता कुठे आहे तो?"

"घरात. त्याची आई दाराला टेकून बसलीय. मी आणून देतो. पण एक सांगा मला." त्यांनी पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. "तो जिवंत राहील? कोर्टात उभा राहील? का तुम्ही गाडीतून न्याल आणि पेपरात येईल, पळून जात होता म्हणून?"

हवालदाराने असा शब्द द्यायचा नसतो. तो द्यायची त्याची पायरीच नाही. पण माझ्यासमोर एक बाप उभा होता आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चाचा, त्याला कुणी हात लावणार नाही. तो कोर्टासमोर उभा राहील. माझा शब्द."

चाचा गेले आणि मला घाम फुटला. वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमधे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुला कुणी अधिकार दिला रे शब्द द्यायचा?"

"कुणी नाही साहेब. चूक झाली."

"झाली खरी." ते उठले, टोपी घातली. "दिलास ना पण? मग आता तो आपल्या दोघांचा. चल."

त्या माणसाचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. दुसरा कुणी असता तर माझा शब्द माझ्याच गळ्यात बांधून मोकळा झाला असता.

चाचांनी स्वतः मुलाला आणलं. वय एकवीस, कॉलेज अर्ध्यात सोडलेलं, दाढी नीट न आलेली. अटक झाली, मेडिकल झालं, दुसऱ्या दिवशी न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. पथकाने अटकेची बातमी बाहेर जाऊ दिली नाही. मोहल्ल्यात चाचांनी सांगितलं की पोरगा महाडला आत्याकडे गेलाय. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस. त्याला ते नीट सांगताही येत नव्हतं म्हणे. पण कुणी फार खोदून विचारलं नाही.

मुलाने पिशवी ठेवल्याचं कबूल केलं आणि मग तोंड मिटलं. कुणी दिली, कुठे दिली, काहीच नाही. त्याच्या मोबाइलमधे एका माणसाची भाषणं होती. हा त्याला 'उस्ताद' म्हणायचा. जडशीळ उर्दू, मधे मधे अरबी. नंबर परदेशातला. पथकाचा अंदाज होता की हा माणूस तिकडे लढाईच्या मुलखात बसून इथली पोरं हलवतोय. मुलाचाही तोच विश्वास होता. एकदाच म्हणाला, "उस्ताद मैदान में हैं. तुम लोग उनकी धूल को भी नहीं छू सकते."

बुधवारी त्या मोबाइलवर नवा आवाज आला. उस्तादला अटकेचा पत्ता नव्हता. निरोप छोटा आणि घाईचा होता. पथकातल्या लेखनिकाने तो ऐकून कागदावर उतरवला: 'जुम्मे को रामपाडे में निकल। पहली ही गाड़ी पकड़। वहीं मिल।'

म्हणजे दुसरी पिशवी तयार होती, आणि भेटीची जागा रामपाडा. आता आमच्या ठाणे जिल्ह्यात पाड्यांना काय तोटा? घोडबंदर रोडच्या मागच्या डोंगराला चिकटलेले पाडे आहेत, खाडीकाठचे आहेत, चाळी उठून नुसतं नाव राहिलेले आहेत. पथकाने नकाशे काढले, महापालिकेच्या मतदार याद्या काढल्या. रामाच्या नावाशी जुळणाऱ्या प्रत्येक वस्तीभोवती साध्या वेशातली माणसं लागली. मुलाला विचारलं, रामपाडा कुठे? त्याने नकारार्थी मान हलवली. आम्हाला वाटलं, लपवतोय. खरं म्हणजे त्यालाही तो शब्द कळला नव्हता.

गुरुवारी दुपारी पथकाचे अधिकारी आमच्या साहेबांच्या केबिनमधे आले. तरुण, हुशार, तीन दिवस न झोपलेले. मी मुद्देमालाची यादी सहीला घेऊन दारात उभा होतो.

"उद्या शुक्रवार. पिशवी बाहेर आहे," ते म्हणाले. "पोरगा बोलत नाही. तुमच्या हवालदाराच्या शब्दापायी मी किती माणसं घालवू, सांगा? मला तो एक तास द्या, माझ्या पद्धतीने."

साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला त्यांची अडचण समजत होती. बाजारातलं रक्त मी हाताने बाजूला केलं होतं. उद्या दुसरीकडे कुणी तसंच करत बसणार असेल, तर माझ्या शब्दाला काय किंमत? आणि शब्द मोडला, तर उद्या कुठला बाप आपला पोरगा आणून देईल? मला दोन्ही बाजू खऱ्या वाटत होत्या.

यादीच्या खाली तो उतरवलेला निरोप जोडलेला होता. नजर नुसती त्यावर होती. ओठातल्या ओठात वाचला आणि मला काहीतरी खटकलं. घाबरत म्हणालो, "साहेब, मूळ आवाज एकदा ऐकू का?"

"कशाला?" पथकाचे अधिकारी म्हणाले.

"ऐकू द्या त्याला," आमचे साहेब म्हणाले.

आवाज लागला. भाषणातला जडपणा त्यात नव्हता. माणूस घाईत होता आणि घाईत माणसाची शिकलेली भाषा गळून पडते, उरते ती आईची. कागदावर होतं तसं तो बोललेलाच नव्हता. लिहिणाऱ्याने त्याची भाषा सुधारून लिहिली होती. तो म्हणत होता, "जुम्मे कू रामपारे में निकल. पैलीच गाडी पकड. वईंच मिल."

माझ्या अंगावर काटा आला. हा आवाज मी ओळखत नव्हतो, पण हे बोलणं माझ्या गल्लीतलं होतं.

"साहेब, रामपाडा नाही. रामपारा."

"मग तो कुठे आहे?"

"कुठेच नाही साहेब. रामपारा म्हणजे रामप्रहर. पहाट. आमच्याकडे सगळे म्हणतात, रामपाऱ्यात ऊठ, रामपाऱ्यात दूध काढ. तो म्हणतोय, शुक्रवारी पहाटे निघ, पहिलीच गाडी पकड, आणि त्याच जागी भेट. जागा त्याने सांगितलीच नाही. ती पोराला ठाऊक आहे."

पथकाचे अधिकारी हसले, पण रागाने नाही, थकून. "हवालदार, हा माणूस पोरांना सांगतो की हिंदूंच्या सावलीला उभे राहू नका. तो पहाटेला रामाच्या नावाने हाक मारेल?"

"तो नाही मारत साहेब. त्याची जीभ मारतेय. आमच्या गल्लीतली मुसलमान चाचीपण तसंच म्हणायची. राम त्यात आहे हे तिच्याही ध्यानात नसायचं आणि आमच्याही. आणि तो 'च' बघा. पैलीच, वईंच. उर्दूत कुठे असतो 'च'? आमच्याकडचा मुसलमान बोलतो तसं. हा माणूस परदेशी नाही. परभणी, जालना, बीड, त्या पट्ट्यातला आहे."

इतकी वर्षं नोकरी केली, पण साहेब लोकांपुढे सलग इतकी वाक्यं मी आधी कधी बोललो नव्हतो. मला वाटलं, आता हाकलतात. आमचे साहेब एवढंच म्हणाले, "मराठवाडा, आत जा. त्याच्याशी तूच बोल."

मुलगा भिंतीला टेकून बसला होता. मी समोर जमिनीवर बसलो आणि लहानपणी चाचीच्या अंगणात बोलायचो त्या बोलीत सुरू केलं.

"क्या रे, खाया क्या?"

त्याने चमकून बघितलं.

"एकच गोष्ट विचारतो," मी म्हणालो. "तुला पिशवी ज्याने दिली, तो कोण होता?"

"निरोप्या. उस्तादांचा माणूस."

"बरं. तो निरोप्या बोलताना 'हां' म्हणायचा, का 'हौ'?"

त्याचे डोळे हलले. मी थांबलो.

"हौ," तो म्हणाला.

"आणि नको म्हणायचं असलं की 'नक्को'?"

"…हौ. म्हणजे, हां."

मग मी त्याला निरोप पुन्हा ऐकवला. एकदा, दोनदा. "हा 'च' ऐक. तुझ्या उस्तादला घाई झाली ना, की तो माझ्या गावचा होतो. बाळा, तो कुठल्या मैदानात नाही. ज्याने तुझ्या हातात पिशवी दिली, तोच तो. परदेशी नंबर घेऊन इथेच तुझ्या शेजारी बसलाय. लढाईला तू, आणि तो गाडीच्या वेळा बघतोय."

त्याने तिसऱ्यांदा आवाज ऐकायला मागितला. ऐकता ऐकता त्याला निरोप्याचा आवाज ओळखू आला, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला बघवेना. रागही होता आणि लाजही. एकवीस वर्षांच्या पोराला मेल्याचं दुःख होत नाही इतकं फसल्याचं होतं. शेवटी म्हणाला, "विठ्ठलवाडी. स्टेशनच्या बाहेर, पुलाच्या पायऱ्या उतरतात तिथे." आणि मग, आपल्या खाडीकाठच्या बोलीत, बापाशी बोलावं तसं, "मी अब्बाला नको जाऊ सांगितलेलं. मौशीला पण सांगायला पायजे होतं."

मला त्याची कीव आली, हे मी लपवत नाही. मौशीच्या घरच्यांनी हे वाचलं तर त्यांनी मला माफ करावं.

शुक्रवारी पहाटे विठ्ठलवाडीला एक माणूस पायऱ्यांशी उभा होता. वय चाळीसच्या आसपास, स्वच्छ कपडे, पायाशी पिशवी. त्याच्या मागच्या बाकावर आमची दोन माणसं पेपर वाचत बसली होती आणि एक झाडूवाला झाडत होता, तोही आमचाच. पहिली गाडी गेली, मुलगा उतरला नाही, तेव्हा तो पिशवीकडे वाकला. तेवढ्यात त्याचे दोन्ही हात धरले. बॉम्बशोधक पथकाने पिशवी नेली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नाव-गाव लिहून घ्यायला मला बसवलं. त्याने तालुका सांगितला. माझ्या तालुक्याला लागूनच होता.

"तुम उधर केच क्या?" त्याने मला विचारलं. आवाजात चक्क आपुलकी होती. मान वर न करता मी म्हणालो, "हौ," आणि पुढचा रकाना लिहायला घेतला.

पुढे तपासाच्या कागदांत त्याचं आयुष्य वाचलं. त्याचीही शाळा माझ्यासारखीच लवकर सुटलेली. कामासाठी परमुलखात गेला, एका खोलीत दाटीवाटीने राहिला, कुणी विचारपूस करणारं नाही. तिथे त्याला भाषण देणारे भेटले. मी लांब आलो तेव्हा मला एक जुना हवालदार सणाला घरी घेऊन गेला होता, त्याच्या बायकोने मला तिसरी पोळी आग्रहाने वाढली होती. हा फरक माझ्या कर्तबगारीचा नाही. पण एवढंही सांगतो, परक्या गावात एकटे राहणारे लाखो आहेत आणि ते पिशव्या ठेवत फिरत नाहीत. त्याने जे केलं ते निवडून केलं.

आणि मुलाचं? लोक म्हणतात, हे विष बाहेरून येतं. बी बाहेरून आलं, हे मी मान्य करतो. पाणी इथलं होतं. जबाबात त्याने सांगितलं की सुरुवात एका नाकाबंदीपासून झाली. चार मित्र होते, तिघांना जाऊ दिलं, याचं नाव ऐकून याला उठाबशा काढायला लावल्या. कुणीतरी त्याचं चित्रीकरण केलं. दोन दिवसांनी उस्तादचा पहिला निरोप आला, 'तेरी बेइज्जती मैंने देखी है.' ती नाकाबंदी आमच्याच ठाण्याची होती. त्या दिवशी मी तिथे नव्हतो. पण असतो तर थांबवलं असतं का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. उठाबशांचा बदला म्हणून तीन जीव जात नसतात, आणि त्याला कोर्टाने दिलेली जन्मठेप योग्य आहे. तरी जबाबाचं ते पान मी कधी विसरलो नाही. त्यानंतर माझ्या हाताखालच्या पोरांना मी एकच सांगत आलो: तपासा, कडक तपासा, पण तमाशा करू नका. तुम्ही सोडून दिलेल्या पोराला घरी जाताना कोण गाठतंय, ते तुम्हाला दिसत नसतं.

निकालाच्या दिवशी मी कोर्टात होतो. चाचांनी साक्षीदार म्हणून मुलाविरुद्ध जबानी दिली होती, एक शब्द इकडेतिकडे न करता. मोहल्ल्यातल्या काहींनी त्यांच्याकडे येणं बंद केलं, आणि बाजारातल्या काहींनीही. दोघांची कारणं उलटी, चाचांना मात्र दोन्हीकडून रिकामा रस्ता. शिक्षा वाचून झाल्यावर मौशीची सून बाहेर व्हरांड्यात माझ्याजवळ आली.

"तो बापूस काय त्याचा?" तिने विचारलं.

"हो."

तिने चाचांकडे बराच वेळ बघितलं. पदर खोचून निघून गेली. ती शिवी देईल अशी मला भीती होती. तिने दिली असती तरी मी काय म्हणणार होतो?

गर्दी ओसरल्यावर चाचा माझ्याकडे आले. मला वाटलं, आभार मानतील, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

"तुम्ही शब्द पाळला," ते म्हणाले. "मला एक सांगा हवालदारसाहेब. लोक विचारतात, मुलगा कुठे असतो. नवीन गिऱ्हाईक, गाडीत शेजारी बसलेला माणूस. मी काय सांगू?"

नोकरीत लोकांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले. बहुतेकांची उत्तरं कुठल्यातरी कलमात असायची. मी म्हणालो, "जिवंत आहे म्हणा, चाचा."

"तेवढं मी रोज म्हणतो," ते म्हणाले, आणि कोर्टाच्या दाराबाहेर काढून ठेवलेली चप्पल शोधू लागले.